आर्यन, मिनर्व्हा आणि माझी मतं
मंडईत गाडी लावायची म्हणजे एक तर आर्यन, नाहीतर मिनर्व्हा. दोन्ही नावं चित्रपटगृहांची, दोन्ही जागी आता वाहनतळ. आर्यन १९१५ साली सुरू झालं, पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह म्हणून मिरवलं आणि १९८३ मध्ये गेलं. अशा ठिकाणी मेथी निवडता निवडता सिनेमावर मत देण्याचा हक्क कुणालाही आहे, मलाही. ‘अशी ही बनवाबनवी’ लोकांना चौकडीसाठी आवडतो. मला सुधीर जोशींच्या घरमालकासाठी. ‘तुंबाड’मध्ये हस्तरपेक्षा तो न थांबणारा पाऊस जास्त भिववतो. ‘सैराट’चा उत्तरार्ध लांबला म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही: हैदराबादेतल्या त्या खोलीतली भांडणं हाच खरा सिनेमा, गाणी नुसती वरात. आणि भक्तिपट म्हटला की नाक मुरडणाऱ्यांनी प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहावा, तोही तुकोबांसाठी नव्हे, गौरीबाईंच्या जिजाईसाठी. घरात दाणा नाही, नवरा विठ्ठलात गुंतलेला, पोरं भुकेली. ती चिडते, ओरडते, आणि तरी सगळं प्रेम त्या ओरडण्यातच असतं. शेवटी विमान तुकोबांना घेऊन जातं, ती मागे राहते. चमत्कार बेताचे वाटतात, जिजाई नाही. आताच्या शिवकालीन चित्रपटांबद्दल मात्र विचारू नका. तलवार इतकी हळू फिरते की तेवढ्यात शत्रू जेवून येईल.