जवानाचे मत गावी येते, कोयत्याचे का येत नाही?



कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील जिल्हा बैठकीसाठी हा अंक छापत आहोत. बैठकांमधून एक प्रश्न हमखास निघतो. पोरगा फौजेत आहे, निवडणुकीच्या वेळी सुट्टीवर आला, तर फौजेचे ओळखपत्र दाखवून त्याला मत देता येईल का? प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मताचा मोठा प्रश्न दडलेला आहे.

आधी सरळ उत्तर. ओळखपत्राने मत मिळत नाही, मत मिळते यादीतल्या नावाने. यादीतला अमुक माणूस तो हाच, एवढेच ओळखपत्र सांगते. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये मतदारांना फोटोचे ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. ते जवळ नसेल तर चालणाऱ्या कागदांची यादी आयोग निवडणुकीच्या वेळी जाहीर करतो. २०२४ च्या यादीत आधार, रोजगार हमीचे जॉब कार्ड, बँकेचे किंवा पोस्टाचे फोटो असलेले पासबुक, वाहन परवाना, पॅन कार्ड, फोटो असलेली पेन्शनची कागदपत्रे आणि सरकारी नोकराचे फोटोचे सेवा ओळखपत्र हे सगळे होते. फौजेचे कार्ड या सेवा ओळखपत्रात बसते. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून एकटी चालत नाही.

मग अडचण कुठे आहे? नोकरीवर असलेल्या जवानाचे नाव बहुधा गावच्या साध्या यादीत नसते. ते मतदारसंघाच्या यादीच्या शेवटच्या भागात, सेवा मतदारांत असते. असा जवान खिशात कार्ड घेऊन केंद्रावर गेला तरी त्याला तिथे मत देता येत नाही. त्याचे मत टपालाने यायचे. किंवा २००३ च्या कायदादुरुस्तीनंतर सैन्यदलातील मतदाराला गावातला एखादा माणूस प्रतिनिधी नेमता येतो. तो प्रतिनिधी केंद्रावर जाऊन जवानाचे मत देतो आणि त्याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लागते. ज्याची नेमणूक शांततेच्या ठाण्यावर आहे, त्याला तिथल्या साध्या यादीत नाव घालण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१४ च्या आदेशाने मोकळा झाला. तिथल्या केंद्रावर मग कार्ड चालते. नाव मात्र एकाच ठिकाणी ठेवता येते.

आता यातली खरी गोष्ट पाहा. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचा किंवा शिवाजी पेठेतला पोरगा वर्षातले अकरा महिने लडाखला असतो. तरी कायदा म्हणतो की हा माणूस आपल्या गावचाच रहिवासी. नोकरी नसती तर तो जिथे राहिला असता, तेच त्याचे घर.

हक्क कागदावर होता, पण मत पोचत नव्हते. मतपत्रिका छापायची, टपालाने डोंगरातल्या पलटणीपर्यंत धाडायची आणि मोजणीच्या आत परत आणायची, एवढ्याला दिवस पुरत नसत. २०१४ च्या लोकसभेला सव्वातेरा लाखांवर सेवा मतदार नोंदलेले होते, मते आली फक्त ४ टक्के. पुढे मतपत्रिका संगणकावरून पाठवण्याची पद्धत आली. जवान ती तिथेच छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत धाडतो. २०१६ मध्ये पुद्दुचेरीच्या पोटनिवडणुकीत तिची चाचणी झाली. २०१९ च्या लोकसभेला अठरा लाख सेवा मतदारांपैकी ६० टक्क्यांची मतपत्रिका परत आली. पाच वर्षांत ४ चे ६० झाले. आम्हाला याचा आनंद आहे, कारण तो जवान आपल्याच घरचा आहे. दोन भावांत वाटलेल्या कोरडवाहू रानावर दोन संसार चालत नाहीत, म्हणून एक भाऊ भरतीला गेला.

आणि दुसरा भाऊ कुठे गेला? तो कोयता घेऊन कोल्हापूरला आला. पाथर्डी, आष्टी, पाटोदा, गेवराईकडची कापूस-ज्वारीची माणसे मुकादमाची उचल फेडायला दिवाळीनंतर बिऱ्हाड उचलतात आणि पंचगंगेच्या काठी कोप्या घालतात. २०२४ मध्ये राज्याने गळीत हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरवला आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी देणे मालकावर बंधनकारक आहे, रोजंदारीच्या माणसालाही ती मिळते. पण टनावर मजुरी घेणाऱ्या जोडीला सुट्टीचा पगार कोण देणार? आणि कोल्हापूरहून पाथर्डीला जाऊन यायला एक दिवस पुरतो का?

कायदा जवानापुरताच उदार आहे असेही नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्येच लिहिले आहे की, तात्पुरता बाहेर गेला म्हणून कोणी आपल्या गावचा रहिवासी राहत नाही असे होत नाही. म्हणजे तोडणीला गेलेल्याचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून कापणे कायद्याला धरून नाही. जवान आणि तोडकरी दोघेही कायद्याच्या लेखी गावातच आहेत. फरक एवढाच की एकाचे मत आणायला सरकारने यंत्रणा उभी केली आणि दुसऱ्याचे फडात सोडून दिले.

हे जमणार नाही असे कोणी सांगू नये. १९५१ च्या कायद्याच्या कलम ६० प्रमाणे आयोगाला सरकारशी विचारविनिमय करून कोणत्याही वर्गाला टपाली मतदान देता येते. अत्यावश्यक सेवेतल्यांना आणि अपंगांना ते दिलेच आहे. २०२४ पासून ८५ वर्षांवरील मतदारांच्या घरी मतपत्रिका जाते. डिसेंबर २०२२ मध्ये आयोगाने स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुनाही जाहीर केला. पक्षांनी शंका काढल्या आणि गाडी तिथेच थांबली.

एक आक्षेप मात्र खरा आहे. कोपीत मतपत्रिका वाटली तर ती मुकादमासमोर भरली जाईल. म्हणून आमची मागणी नेमकी आहे. ऊसतोड मजुरांचा वर्ग कलम ६० खाली जाहीर करा आणि हंगामात निवडणूक आली तर प्रत्येक साखर कारखान्यावर निवडणूक कर्मचाऱ्यांच्या ताब्यात टपाली मतदान केंद्र उघडा. अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी अशी केंद्रे उघडतातच.

याला आम्ही एवढे महत्त्व का देतो? ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले. वेचणी तोंडावर आली होती आणि बाहेरची रुई बिनशुल्क येऊ लागली. असा निर्णय घेताना सत्तेला कोणाची भीती वाटते? ज्याचे मत पेटीत पडते त्याची. ज्या तालुक्यातली माणसे मतदानाला गावात नसतात, त्याच्या कापसाची दिल्लीला फिकीर नसते.

बैठकीतून गावी गेल्यावर चार कामे करा. एक, घरातल्या जवानाचे नाव सेवा मतदारांत आहे की साध्या यादीत, ते त्याला आत्ताच विचारा. पत्नी गावीच राहत असेल तर तिचे नाव गावच्या यादीत हवे. दोन, निवृत्त होऊन आलेल्याचा सहा नंबरचा अर्ज लगेच भरा. तीन, तोडणीला निघण्याआधी प्रत्येक टोळीने आपली नावे यादीत बघावीत, कापलेली दिसली तर त्याच दिवशी अर्ज द्यावा. चार, वरच्या मागणीचा ठराव ग्रामसभेत करून तहसीलदारांकडे द्या आणि पोच घ्या.

सीमेवर उभ्या राहिलेल्या भावाचे मत गावात पोचू शकते, तर उसाच्या फडातल्या भावाचेही पोचलेच पाहिजे.