सागरगोटा : वेढा आणि चमचा

वाचकहो, सागरगोटे हा शब्द वाचताच आपल्यापैकी अनेक भगिनींच्या हाताची बोटे नकळत वळली असतील. एक गोटा वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचे टिपायचे आणि पुन्हा तो झेलायचा. दुपारच्या सावलीत हा खेळ तासन् तास चाले. ज्या झुडपाला हे गोटे लागतात ते मात्र फार थोड्यांनी पाहिलेले असते. अलीकडे हाच सागरगोटा माझ्या दवाखान्यात वेगळ्या रूपात येऊ लागला आहे, तो चूर्णाच्या पुडीतून. चाकणच्या कारखान्यांत नोकरी करणारी अनेक कोकणी कुटुंबे आता राजगुरुनगरात स्थायिक झाली आहेत. गणपतीला किंवा शिमग्याला गावी गेलेली मंडळी परतताना शेजारच्या आजोबांसाठी प्रेमाने ही पुडी आणतात. ‘साखरेवर रामबाण’ अशी तिची ख्याती. म्हणून यावेळी या झुडपाविषयी सविस्तर लिहीत आहे.

सागरगोटा हे मूळचे समुद्रकाठचे रानझुडूप. भरतीची रेषा संपते तिथल्या वाळूत ते पसरते, आधार मिळाला तर वेलीसारखे चढते. खोडावर आणि पानांच्या देठांवर आकडेदार काटे, पिवळ्या फुलांचे तुरे आणि काट्यांनी भरलेल्या शेंगेत एकदोन राखाडी, गुळगुळीत बिया. बीचे कवच इतके टणक आणि हलके की ती महिनोन् महिने खाऱ्या पाण्यावर तरंगते आणि तरीही किनाऱ्याला लागल्यावर रुजू शकते. त्यामुळे उष्ण प्रदेशांतील बहुतेक किनाऱ्यांवर हे झुडूप आढळते. लंडनचे वैद्य हॅन्स स्लोन यांनी १६९६ मध्ये स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवर वाहून येणाऱ्या ज्या अपरिचित बियांविषयी लिहिले, त्यांत ही बीदेखील होती. तिकडच्या बेटांवर अशा बिया मुलांच्या गळ्यात दृष्ट लागू नये म्हणून बांधत. दृष्टीची भीती थंड देशांतही आपल्याइतकीच होती म्हणायची!

आपल्याकडे काट्यांमुळे हे झुडूप कुंपणाला लावले गेले आणि घाटावरही आले. काही भागांत त्याला गजगा म्हणतात. वैद्य त्याला लताकरंज किंवा कुबेराक्ष म्हणतात. यातील ‘करंज’ या शब्दाने घोटाळा होतो. ज्या करंजाचे तेल दिव्यात घालतात व त्वचेला लावतात, तो मोठा वृक्ष निराळा आणि त्याचे बी पोटात घेण्याचे नव्हे. दुकानात नुसते ‘करंजाचे बी’ मागितले तर काय हाती पडेल, याचा भरवसा नाही.

औषध म्हणून सागरगोट्याचा मान जुना आहे. कवच फोडून निघणारा पांढरट मगज अतिशय कडू असतो. पोटदुखी, जंत आणि विशेषतः थंडी वाजून येणारा ताप यांवर तो देत असत. इंग्रजी अमलात १८६८ साली एडवर्ड वेअरिंग यांच्या संपादनाखाली भारताची औषधसंहिता प्रसिद्ध झाली. तीत सागरगोट्याच्या मगजाला अधिकृत स्थान होते आणि मगज व काळी मिरी समभाग घेऊन केलेले चूर्ण हिवतापावर सांगितले होते. क्विनाइन तेव्हा महाग होते. ज्याला ते परवडत नसे त्याच्यासाठी ही कडू बी होती. आज ती वेळ उरलेली नाही. हिवतापाची रक्ततपासणी आणि खात्रीचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळते. थंडी वाजून ताप आल्यावर सागरगोटा घेऊन दोन दिवस वाट पाहणे हे वृद्धांच्या बाबतीत धोक्याचे आहे.

आता मात्रेचा प्रश्न. बाळगुटीत सागरगोटा असे, हे आजीबाईंना आठवत असेल. तो सहाणेवर उगाळला जाई आणि त्याचे माप होते ‘वेढा’. एक वेढा, फार तर दोन. तेवढ्याने सहाणेवर जे उतरते ते चिमटीतही येणार नाही. ज्या परंपरेचा दाखला देऊन आज चमचाभर चूर्ण रोज सकाळी अनशापोटी घेतले जाते, त्या परंपरेचे घरगुती माप हे असे होते. मिक्सर आला आणि वेढ्याचा चमचा झाला. (ओघात सांगतो, पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, गुटीसुद्धा, देऊ नये असेच आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात.)

साखरेचे काय? बियांच्या अर्काने प्रयोगशाळेतील उंदरांची रक्तशर्करा उतरल्याचे अनेक प्रयोगांत दिसले आहे. परंतु माणसांवरील भरवशाचा, मोठा पुरावा अजून नाही. शिवाय आपण हे चूर्ण घेतो ते आधीच्या गोळ्यांच्या जोडीला. गेल्या वर्षी एका सकाळी बहात्तर वर्षांच्या एका गृहस्थांना सून आणि मुलगा रिक्षातून घेऊन आले. अंग घामाने भिजलेले, बोलणे अडखळत होते; घरच्यांना वाटले, अर्धांगवायूचा झटका. बोटातून रक्त घेऊन पाहिले, साखर ४६. ग्लुकोज शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत त्यांनी सुनेला नावाने हाक मारली. चौकशीत कळले की ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे चालू होती, तीन आठवडे सागरगोट्याचे चूर्ण चालू होते आणि आदल्या दिवशी संकष्टीचा उपवास झाला होता. दोष एकट्या चूर्णाचा, असे मी म्हणणार नाही. गोळी आणि उपवास एवढ्यानेही हे घडू शकते. पण तीन गोष्टी एकत्र येत आहेत हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

काळजी घेणाऱ्यांनी पुढील गोष्ट ध्यानात ठेवावी. साखर ७० च्या खाली जाणे म्हणजे धोका. हात थरथरणे, घाम, धडधड, एकाएकी चिडचिड किंवा असंबद्ध बोलणे ही लक्षणे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, मग पोळी-भाजी खाऊ घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ ला फोन करावा. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांचा असर वृद्धांत, विशेषतः मूत्रपिंडे दुर्बळ असल्यास, दीर्घकाळ रेंगाळतो. सकाळी सावरलेली साखर संध्याकाळी पुन्हा घसरू शकते. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मी एम.बी.बी.एस. आहे, वैद्य नाही. सागरगोटा कोणी, कोणत्या अनुपानासह, किती घ्यावा हे सांगण्याचा अधिकार शिकलेल्या वैद्यांचा आहे आणि त्यांच्याकडे जाण्यास माझी मुळीच हरकत नसते. हरकत आहे ती बिननावाच्या पुडीला. अशा ‘देशी’ चूर्णांत ॲलोपॅथीची साखरेची गोळी किंवा स्टेरॉइड कुटून मिसळलेले अनेकदा सापडले आहे. मग गुण येतो तो वनस्पतीचा नसतोच. मधुमेह बरा करण्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा ‘रामबाण’ असे छापलेली पुडी पाहून आधी शंका यावी. पाकिटावर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि तारीख असावी. ते पाकीट गोळ्यांच्या डब्यातच ठेवावे, म्हणजे दवाखान्यात येताना तेही सोबत येते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही दाखवावे. गरोदर स्त्रियांनी हे चूर्ण घेऊ नये.

एका वाचकांनी बंगल्याच्या कुंपणाला सागरगोटा लावावा का, असे विचारले आहे. जनावरे आत येत नाहीत, फुलेही सुरेख; अवश्य लावावा. मात्र छाटणी दुसऱ्याकडून करून घ्यावी. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्यांना आकडेदार काटा रुतलेला समजतच नाही. अशा कुंपणाजवळ बंद बूट घालूनच जावे, रात्री झोपण्यापूर्वी तळवे आरशात पाहावेत आणि काटा टोचलेला आढळल्यास सुईने उकरत न बसता जखम धुऊन दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यावे. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, तेही आठवून यावे.