भिंतीला फुटलेलं तोंड

भिंतींना कान असतात हे पुणेकराला कुणी शिकवायला नको. वाड्यात बालपण काढलेल्या माणसाला पलीकडच्या बिऱ्हाडात आमटीला फोडणी कधी बसली हेसुद्धा भिंतीतून समजत असे. पण भिंतीला कानांच्या जोडीला तोंडही असावं, आणि ते आपण पदरचे पैसे घालून फोडावं, ही कल्पना मात्र आमच्या चिरंजीवांची.

"बाबा, हॉलमध्ये होम थिएटर करू या. अगदी स्वस्तात. स्पीकर भिंतीत."

"भिंतीवर म्हणायचंय का तुला?"

"भिंतीत. आत. बाहेर नुसती जाळी, तीही भिंतीच्याच रंगाची. क्लीन लुक येतो."

हा 'क्लीन लुक' घरात शिरल्यापासून आमचं देवघर कपाटात गेलं, पुस्तकं माळ्यावर गेली आणि लोणच्याच्या बरण्या कुठे गेल्या ते हिलाही सांगता येत नाही. मी अजून खुर्चीत दिसतो तो केवळ माझ्या मापाचं कपाट मिळालं नाही म्हणून.

माझा सिनेमाला विरोध नाही, गाण्याला नाही, यंत्राला तर नाहीच. माझा विरोध आहे तो स्वस्तात भिंत फोडण्याला आणि जी वस्तू ऐकायची तिचीच लाज वाटण्याला. एके काळी घरात रेडिओ आला की त्याला भरतकामाचा रुमाल घालून, चार माणसांना दिसेल असा ठेवत. जणू घरातला वडील माणूसच! आता आवाज हवा, पण आवाज काढणारा नको. हे म्हणजे गवयाला बैठकीला बोलवायचं आणि गायला मोरीत बसवायचं.

आता थोडं शास्त्र. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हाच मागची हवा ओढत असतो. पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांत मिसळले की खर्ज खर्जाला खाऊन टाकतो. म्हणून मागे बंदिस्त पेटी लागते. तंबोऱ्याला भोपळा, तशी स्पीकरला पेटी. भिंतीतला स्पीकर बहुधा पेटीशिवाय येतो, कारण भिंतीनेच पेटी व्हावं अशी त्याची अपेक्षा असते. अमेरिकेत भिंत ती मान्य करते. तिकडे सोळा सोळा इंचांवर लाकडी फळ्या उभ्या करून दोन्ही अंगांना अर्ध्या इंचाचे जिप्समचे पत्रे ठोकतात. मध्ये साडेतीन इंच पोकळी. चाकूने भोक पाडा, स्पीकर सरकवा, स्क्रू आवळा, झालं.

आमची भिंत विटेची. बाहेरची नऊ इंची, आतली साडेचार इंची. तिच्यात पोकळ असं काही नसतं. नव्या इमारतींत तर साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती, आत लोखंडी सळया. तिथे छिन्नी लावणं म्हणजे इमारतीच्या बरगड्याच मोजणं.

तरी तपकीर गल्लीतून स्पीकर आले. जोडी सात हजारांना. दुकानदार म्हणाला, "काका, शंभर वॉटचे घ्या, पन्नासमध्ये मजा नाही." वॉट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम तीन डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला वॉट दहापट लागतात. हे मी त्याला सांगितलं. "मग हजार वॉटचेच दाखवू का?" तो म्हणाला.

रविवारी गवंडी आला. पहिल्या घावाला गिलावा पडला, दुसऱ्याला वीट हलली आणि तिसऱ्या घावाला पलीकडून काकूंचा आवाज आला, "अहो, आमचे गजाननमहाराज खाली आले!" माझ्या अंगावर काटा आला. मग कळलं, तसबीर पडली होती. गवंडी शांतपणे म्हणाला, "साहेब, तीन इंच झालं. अजून दीड इंच घेतलं की पल्याडचा हॉल दिसंल."

काम थांबलं. मग चिरंजीवांनी उपाय काढला, खऱ्या भिंतीपुढे जिप्समची खोटी भिंत. अंदाज आला चाळीस हजारांचा, शिवाय खोली पाच इंचांनी अरुंद. सात हजारांच्या स्पीकरला चाळीस हजारांची भिंत! घोडं स्वस्तात मिळालं म्हणून तबेल्यासाठी वाडा बांधणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता.

चिरंजीवांची बाजूही सांगतो, नाहीतर घरात चहा मिळायचा नाही. रेकॉर्डिंग स्टुडिओत मोठे स्पीकर भिंतीतच बसवतात. मागच्या भिंतीवर आपटून परतणारा आवाज त्यामुळे टळतो. कबूल. पण ते काम स्वस्तातलं नव्हे. ज्याला घर नव्याने बांधायचंय त्याने खुशाल करावं. गिलाव्याआधी पाइप टाकावा, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढावी, स्पीकरमागे बंद पेटी बसवावी आणि भिंत बुजवण्यापूर्वी तिचा फोटो काढून ठेवावा. नाहीतर पुढे खिळा ठोकताना पहिली वायर तीच सापडते.

आणि शेजार? दोन घरांमधला आवाज अडतो तो भिंतीच्या वजनाने. ती पोखरायची आणि त्याच भोकात ढोल बसवायचा, याला करमणूक म्हणावं की आक्रमण? २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागाला रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण गणपतीत ढोलांच्या भिंतींविरुद्ध पत्र लिहिणाऱ्यानेच घरातल्या भिंतीला ढोल करावं, हे काही शोभत नाही.

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली, रेड्यामुखी वेद वदवले. भिंत बोलकी करायची तेवढी शिल्लक राहिली होती, ती आम्ही करायला निघालो. याच पुण्यात 'प्रभात'ने १९४० साली 'संत ज्ञानेश्वर' काढला. तेव्हाच्या थिएटरात आवाज यायचा तो पडद्यामागून, एकाच वाटेने. डाव्या कानाला काय नि उजव्या कानाला काय, सगळं सारखंच. पण "मला मागून आवाज आला नाही" म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

शेवटी स्पीकर परत गेले. त्याऐवजी पेटीतली एक छोटी जोडी आली. कानाच्या उंचीवर ठेवली, दोघांत जेवढं अंतर तेवढंच आमच्या खुर्चीपासून. खाली सतरंजी घातली, आणि आवाज घुमू नये म्हणून (हे शास्त्रच आहे, माझा डाव नव्हे) माळ्यावरची पुस्तकं पुन्हा भिंतीला लागली. भिंतीतल्या तीन इंचांच्या खड्ड्याला गवंड्याने कड काढून दिली. त्याचा छान कोनाडा झाला. हिने त्यात समई ठेवली.

क्लीन लुक गेला, पण घर दिसायला लागलं.

परवा आम्ही जुना सिनेमा लावला, आवाज अगदी बेताचा ठेवून. सकाळी जिन्यात काकू भेटल्या.

"छान होता हो सिनेमा," त्या म्हणाल्या. "शेवट तेवढा जरा मोठ्याने लावायचा. आम्हांला नीट ऐकू आला नाही."