मर्यादित आवृत्तीचा आकडा आणि वेरूळची चोवीस पाने

१/ छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघाले की वाटेत चितेगाव लागते. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे या गावाचे नाव एके काळी दूरचित्रवाणी संचांशी जोडले गेले होते. अशा प्रत्येक संचाच्या पाठीवर एक क्रमांक असे. हमीपत्र भरताना आणि दुरुस्तीच्या वेळी तो उपयोगी पडे. त्या क्रमांकामुळे आपल्या घरी कलाकृती आली, असे मात्र कोणत्याही गिऱ्हाइकाला कधी वाटले नाही.

२/ त्याच गिऱ्हाइकाचा नातू आज चित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले '१७/५०' पाहून हरखतो. खाली सही, सोबत सोनेरी कडेचे प्रमाणपत्र आणि वर विक्रेत्याचा आग्रह : मर्यादित आवृत्ती आहे, संपत आली आहे. चित्र असते वेरूळच्या कैलास लेण्याचे, दोनशे वर्षांपूर्वीचे. छपाई असते गेल्या महिन्यातली, संगणकाला जोडलेल्या यंत्रावरची. इतिहासाची खरी आवड असलेल्या तरुणांचा पहिला पगार अशा कागदांवर खर्च होतो, म्हणून हा प्रपंच.

३/ अपूर्णांकाचा अर्थ आधी पाहू. खालचा आकडा म्हणजे एकूण प्रती, वरचा म्हणजे त्यांतील ही प्रत. पहिली प्रत सर्वांत चांगली आणि पन्नासावी सर्वांत वाईट, हा समज निराधार आहे. छापलेले कागद वाळत घातले जातात, एकत्र होतात, मग त्यांवर क्रमांक पडतात. क्रमांकाचा क्रम हा छपाईचाच क्रम असेल, याची खात्री नसते. शिवाय कलावंत स्वतःसाठी काही प्रती या आकड्याबाहेर ठेवतो. तेव्हा '५०' म्हणजे जगात पन्नासच कागद, असेही नाही.

४/ ही प्रथा प्राचीनही नाही. मुद्राचित्राखाली पेन्सिलीने सही करण्याची पद्धत व्हिसलर आणि सेमूर हेडन यांनी १८८०च्या दशकात रूढ केली. प्रतींवर क्रमांक घालण्याचा रिवाज त्यानंतर हळूहळू सार्वत्रिक झाला. रेम्ब्रांटच्या एकाही प्रतीवर त्याच्या हातचा अपूर्णांक नाही. तरी रेम्ब्रांट कमी पडत नाही.

५/ मग जुन्या काळी मर्यादा नव्हतीच का? होती, आणि आजच्यापेक्षा कठोर होती. ती तांब्याने घातलेली होती. ॲक्वाटिंट पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसवतात आणि पत्रा आम्लात घालतात. राळेच्या कणांमधल्या फटींतून आम्ल धातू खाते. शाई धरून ठेवणारा खरखरीतपणा त्यातूनच येतो आणि कागदावर त्याची जलरंगासारखी छटा उमटते. परंतु प्रत्येक प्रत काढताना पत्रा पुसला जातो, दाबाखाली जातो आणि झिजतो. काही शे प्रतींनंतर सावल्या विरू लागतात. म्हणून जुन्या मुद्राचित्रांचा जाणकार विचारतो : ठसा ताजा असताना काढलेली ही प्रत आहे, की थकल्यानंतरची? या प्रश्नाचे उत्तर कागदावर दिसते, प्रमाणपत्रावर नाही.

६/ आता वेरूळ. लेणी शहराच्या वायव्येस, सुमारे ३० किलोमीटरवर. पेशवे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याला या लेण्यांचे मोठे कुतूहल होते. त्याच्यासाठी पुण्याच्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने वेरूळची रेखाटने केली. स्कॉटलंडहून आलेला चित्रकार जेम्स वेल्स हाही पुण्यात काम करीत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची त्याने काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. गंगाराम त्याच्याही सोबत काम करीत असे. वेल्स १७९५ साली वारला. त्याची वेरूळची रेखाटने विलायतेला गेली आणि त्यांवरून थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली चोवीस ॲक्वाटिंट तयार होऊन १८०३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली. डॅनियल काका-पुतण्यांच्या भारतविषयक १४४ चित्रांच्या प्रचंड मालिकेचा, 'ओरिएंटल सीनरी'चा, हा भाग मानला जातो.

७/ या चोवीस पानांवर '१७/५०' कुठेही नाही. ती पुस्तकाची पाने होती, वर्गणीदारांसाठी आणि ग्राहकांसाठी छापलेली. मागणी टिकली, तेव्हा १८१२ ते १८१६ दरम्यान साऱ्या मालिकेची लहान आकारातील आवृत्तीही निघाली. म्हणजे एकच दृश्य दोन आकारांत, दोन वेगवेगळ्या ठशांवरून छापलेले. आज कोणी 'डॅनियलचे मूळ चित्र' म्हणून कागद पुढे केला, तर हा फरक त्याला ठाऊक आहे का, हे आधी पाहावे. ठाऊक नसेल तर पुढील बोलणे व्यर्थ आहे.

८/ खरी लूट इथून पुढे आहे, आणि ती दोन प्रकारची आहे.

पहिली कात्रीची. अखंड ग्रंथ विकण्यापेक्षा त्याची पाने सुटी करून, चौकटीत घालून, चोवीस घरांत चोवीस वेळा विकणे अधिक फायद्याचे ठरते. जुन्या ग्रंथांच्या व्यापारात हा उद्योग दीर्घकाळ चालत आला आहे. पान सुटे झाले की त्याचा शेजार जातो : आधीचे पान कोणते, सोबतचा मजकूर काय, एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना चित्रकाराने कोणता क्रम धरला, हे सारे जाते. आणि प्रत्येक फाडाफाडीनंतर जगातील अखंड संच एकाने कमी होतो. मर्यादित आवृत्ती म्हणायचीच असेल, तर कात्रीने घडवलेल्या या टंचाईला म्हणावे.

दुसरी लूट आकड्याची. वेल्स १७९५ मध्ये गेला, डॅनियल १८४० मध्ये. भारतीय कायद्यानुसार कलावंताच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. ही चित्रे सर्वांची आहेत. ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी त्यांच्या प्रतिमा खुल्या केल्या आहेत. त्या छापण्यात काहीच गैर नाही. उलट वर्गावर्गांत, ग्रामपंचायतींत, बसस्थानकांवर त्या लागाव्यात. मात्र जो माणूस त्यांच्या पन्नासच प्रती काढण्याचे वचन देतो, ते वचन त्याच्यापुरतेच असते. शेजारचा दुकानदार उद्या पाचशे काढील आणि त्याला कोणी अडवू शकणार नाही. संगणकातील धारिका झिजतही नाही. पन्नासावी प्रत आणि पन्नास हजारावी प्रत सारखीच. इथे मर्यादा धातूची नाही, कलावंताची नाही, कायद्याचीही नाही. ती केवळ जाहिरातीची आहे.

९/ यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आजचे मुद्राचित्रकार स्वतः पत्रा कोरतात, लाकूड खोदतात, दगडावर रेखाटतात, ठरावीक प्रती काढून ठशावर आडवी रेघ ओढून तो रद्द करतात. त्यांचा अपूर्णांकही खोटाच का? अजिबात नाही. तिथे आकडा हे जिवंत माणसाने दिलेले वचन आहे आणि रद्द झालेला ठसा हा त्याचा पुरावा आहे. घेणाऱ्याने तो रद्द ठशाचा छाप पाहायला मागावा. खरा कलावंत या प्रश्नाने दुखावला जात नाही. वाद आहे तो या प्रामाणिक प्रथेचे कपडे चढवून बाजारात उभ्या राहिलेल्या नकलेशी.

ठसा टिकला तर काय होते, याचे ठळक उदाहरण गोया. त्याची 'कॅप्रिचोस' ही ऐंशी चित्रांची मालिका १७९९ मध्ये निघाली. १८०३ मध्ये, म्हणजे वेरूळची पाने लंडनला प्रसिद्ध होत होती त्याच वर्षी, त्याने ते तांब्याचे पत्रे स्पेनच्या राजाला देऊन टाकले. त्यांवरून १९३७ पर्यंत पुन्हापुन्हा प्रती निघत राहिल्या. साऱ्या 'गोयाच'. पण पहिल्या आवृत्तीतली छाया आणि शेवटच्या आवृत्तीतली छाया यांत जमीन-अस्मानाचे अंतर.

१०/ महाराष्ट्राच्या घराघरांत शिरलेले मुद्राचित्र तर अमर्याद आवृत्तीचे होते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे आला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, एकावर एक छाप, वर वार्निशची चकाकी. लक्ष्मी आणि सरस्वती देवघरात आल्या त्या या कागदांवरून. कित्येक घरांत बायकांनी त्या चित्रांवर जर, टिकल्या आणि मणी शिवले. अशी प्रत जगात एकच असते आणि तिच्यावर कोणताही अपूर्णांक नसतो.

रविवर्मा १९०६ मध्ये वारले. छपाई त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. त्यामुळे 'रविवर्मांच्या हयातीतील मूळ प्रत' हे वाक्य ऐकताच खिशाकडे हात जाण्याआधी नजर चित्राच्या तळाशी जावी. छापखान्याचा पत्ता मुंबईचा आहे की मळवली-लोणावळ्याचा, यावरून काळाचा पहिला अंदाज येतो.

११/ आणि अजिंठा. मेजर रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून केलेल्या तैलप्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ठेवल्या होत्या. १८६६च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. मग जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून नव्याने प्रतिकृती केल्या. त्यांतील बऱ्याच १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. पुढे १८९६-९७ मध्ये ग्रिफिथ्स यांचे दोन खंड छापून निघाले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भाग काढले. एकुलत्या एक प्रतिकृती जळाल्या. छापील पाने अनेक ग्रंथालयांत होती, म्हणून ती राहिली. ज्या गोष्टीचा गुणच अनेक असण्यात आहे, तिची किंमत ती कमी असण्यावर ठरवणे हा विचित्र व्यवहार आहे.

१२/ तरीही ज्याला जुने पान घ्यायचे आहे, त्याने भिंग घेऊन जावे. ॲक्वाटिंटची छटा भिंगाखाली वेड्यावाकड्या, भेगाळलेल्या जाळीसारखी दिसते. सारख्या अंतरावरचे ठिपक्यांचे जाळे दिसले, तर ती १८०३ची छपाई नव्हे. ते तंत्र १८८०च्या दशकापासूनचे. शाईचे सूक्ष्म तुषार दिसले, तर चित्र संगणकाच्या यंत्रातून आलेले. समास कापलेला नसेल, तर चित्राभोवती तांब्याच्या पत्र्याने दाबलेली चौकट बोटाला लागते. कागद उजेडासमोर धरावा. त्या काळच्या इंग्रजी कागदात अनेकदा गिरणीचे नाव आणि वर्ष यांची जलखूण असते. जलखुणेचे वर्ष छपाईच्या कथित वर्षानंतरचे निघाले, तर नम्रपणे नमस्कार करून बाहेर पडावे. आणि पान कोणत्या ग्रंथातून, केव्हा सुटे झाले, हे विचारावेच.

१३/ एक नाव मात्र भिंगातूनही सापडत नाही. वेरूळच्या त्या चोवीस पानांच्या शीर्षकपृष्ठावर वेल्स आहे, डॅनियल आहे. गंगाराम तांबट नाही. त्याची वेरूळची रेखाटने आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. ती त्या केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.