रुंद चाकांचं गणित
दोस्तांनो, रुंद टायर लावलेली स्पोर्ट्‌स कार काय ऐटदार दिसते, नाही? पण त्यामागे गणित असतं बरं का!

जपानच्या माझदा कंपनीने १९८९मध्ये एमएक्स-५ ही छोटी स्पोर्ट्‌स कार आणली. तिचे टायर होते १८५/६० आर १४. म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, रबराची उंची रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १४ इंची. हौशी मंडळी त्याजागी १९५/५० आर १५ बसवतात.

आता वही-पेन्सिल घ्या. रिमचे इंच २५.४ने गुणा. त्यात रबराची उंची दोनदा मिळवा, एकदा वरची, एकदा खालची. जुनं चाक भरतं सुमारे ५७८ मिलिमीटर, नवं ५७६. रुंदी वाढली, उंची जवळजवळ तीच!

हे कशासाठी? स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून वेग सांगतो. चाक मोठं झालं, तर गाडी काट्यापेक्षा जास्त वेगाने पळते आणि चालवणाऱ्याला पत्ताच नसतो!

रुंद टायरची कोरड्या वळणावर पकड छान. पण पावसात त्याला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही, की तो पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही!

घरच्या गाडीच्या टायरवर असे आकडे आहेत का? काढा बरं चाकाची उंची!