पुरुषांची तपासणी कारखान्याच्या दारातच हवी

रांजणगाव औद्योगिक वसाहतीलगतच्या कारेगावात राज्याच्या अन्य जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून आलेला कामगारवर्ग भाड्याच्या खोल्यांतून राहतो. वसाहत या पुरुषांच्या श्रमांवर चालते. त्यांच्या प्रकृतीची विचारपूस मात्र बहुधा दुखणे अंगावर आल्यानंतरच होते.

सार्वजनिक आरोग्य यंत्रणेशी स्त्रीचा संबंध गरोदरपण, प्रसूती आणि बालकांचे लसीकरण यांच्या निमित्ताने येतो. पुरुषाला असे निमित्तच नसते. राज्य सरकारने ही उणीव उशिरा का होईना ओळखली. २०२२ मध्ये महिलांसाठी 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित' हे अभियान राबविल्यानंतर सप्टेंबर २०२३ मध्ये १८ वर्षांवरील पुरुषांच्या तपासणीसाठी 'निरोगी आरोग्य तरुणाईचे, वैभव महाराष्ट्राचे' ही मोहीम हाती घेण्यात आली. तथापि, मोहीम संपते. रक्तदाब आणि मधुमेह संपत नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १५ वर्षांवरील २४ टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यावर औषध घेत होते. महिलांमध्ये हे प्रमाण २१.३ टक्के होते. हा विकार बहुधा लक्षणांविना बळावतो. त्यामुळे 'काही होत नसताना डॉक्टरकडे कशाला?' हा युक्तिवाद येथे घातक ठरतो.

परंतु केवळ बेफिकिरीला दोष देणे अन्यायाचे होईल. तिशीनंतर रक्तदाब, मधुमेह आणि मुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आहे. त्यासाठी बुडणारा रोज मात्र कोणी भरून देत नाही. शिवाय दोष आढळल्यास काम जाईल, ही कंत्राटी कामगाराची धास्ती अनाठायी म्हणता येणार नाही.

केंद्राने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी कामगार संहिता लागू करताना ४० वर्षांवरील कामगारांच्या वार्षिक मोफत तपासणीची जबाबदारी मालकांवर टाकली. तरतूद स्वागतार्ह आहे. पण चाळिशीच्या आतील तरुणांचे काय? तपासणी कामाच्या वेळेतच व्हावी, कंत्राटी कामगार तीतून सुटू नयेत आणि अहवाल व्यवस्थापनाऐवजी केवळ कामगाराच्याच हाती पडावा. एवढे झाले, तर उपदेशाची फारशी गरज उरणार नाही.