पॉइंट फोर्टीफाइव्हची दंतकथा आणि माझी निवड

शस्त्रांच्या इतिहासाची गोडी लागली की एक प्रश्न हटकून समोर येतो: पिस्तुलाचे तुमचे आवडते कॅलिबर कोणते? बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता ‘.४५’ असे उत्तर देतात आणि त्यासोबत एक गोष्ट सांगतात. फिलिपिन्समधले मोरो योद्धे .३८च्या गोळ्या अंगावर झेलूनही धावत येत, म्हणून अमेरिकेने .४५ आणले आणि प्रश्न मिटला. या धाग्यात त्या गोष्टीची उलटतपासणी करायची आहे आणि माझी निवडही सांगायची आहे. ती .४५ नाही.

आधी थोडी परिभाषा. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा, किंवा नळीच्या आतल्या पोकळीचा, व्यास. .४५ म्हणजे इंचाचे पंचेचाळीस शतांश, सुमारे ११.४ मिलिमीटर. .३८ हे नाव मात्र फसवे आहे. जुन्या काडतुसांत गोळी टोपणाच्या बाहेरच्या व्यासाइतकी जाड असे. पुढे ती टोपणाच्या आत बसू लागली, बारीक झाली, पण नाव बदलले नाही. .३८ची गोळी प्रत्यक्षात ९ मिलिमीटरच्या आसपासच भरते. शंभराहून अधिक वर्षे चाललेला हा वाद म्हणजे जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे!

आता मूळ कथा. १८७३पासून अमेरिकी सैन्याकडे .४५चे कोल्ट रिव्हॉल्व्हर होते. १८९२मध्ये त्याऐवजी .३८ लाँग कोल्ट आले. त्याची गोळी साधारण पावणेदहा ग्रॅमची आणि वेगही बेताचा. १८९९मध्ये फिलिपिन्सचे युद्ध सुरू झाले, पुढे दक्षिणेकडच्या मिंदानाओ व सुलू बेटांवर मोरो मुसलमानांशी लढाया झाल्या, आणि ‘.३८ने माणूस थांबत नाही’ अशा तक्रारी येऊ लागल्या. तक्रारी खऱ्या होत्या, हे मान्य. पण त्याच काळात रायफलीच्या गोळ्या लागूनही हल्लेखोर पुढे आल्याच्या हकिकती आहेत, आणि रायफलीपुढे कोणतेही पिस्तूल दुबळेच. त्या हकिकती मात्र कोणी सांगत नाही.

या वादात नेहमी पुढे केला जाणारा पुरावा म्हणजे अँटोनिओ कास्पी नावाचा कैदी. सामार बेटावर त्याने पळून जाण्याचा प्रयत्न केला; .३८च्या चार गोळ्या लागूनही तो झगडत राहिला आणि अखेर बंदुकीच्या दस्त्याच्या तडाख्याने कोसळला. प्रसंग खरा आहे. मात्र सामार हे मोरोंचे बेट नव्हे, आणि घटनेची तारीख आहे २६ ऑक्टोबर १९०५. मोठ्या गोळीचा निर्णय ज्या चाचण्यांवर उभा राहिला, त्या १९०४मध्येच उरकल्या होत्या. पुरावा निकालानंतर दाखल झालेला आहे.

त्या चाचण्याही नीट पाहण्याजोग्या आहेत. तोफखाना व शस्त्र विभागाचे जॉन थॉम्पसन (पुढे ज्यांच्या नावाची सबमशीनगन प्रसिद्ध झाली तेच) आणि सैन्याचे शल्यवैद्य लुई लागार्ड यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर गोळ्या झाडल्या. टांगलेल्या मृतदेहांवर गोळ्या झाडून ते किती झुलतात, याचेही अंदाज बांधले. गुरांची संख्या थोडी, प्रत्येक जनावराला गोळी लागण्याची जागा वेगळी, आणि काही गुरे तर अखेरीस हातोड्याने मारावी लागली. आजच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्याने असा प्रयोग वहीत लिहिला तर मास्तर ती वही परत करतील. तरीही निष्कर्ष निघाला: लष्करी पिस्तुलाची गोळी .४५हून लहान नसावी.

याच अहवालात आणखी एक शिफारस होती आणि ती इतिहासाने सोयीस्करपणे गिळली. मानवी शरीराचा बराच मोठा भाग असा आहे की तेथे पिस्तुलाची गोळी लागून माणूस तत्काळ थांबेल याची आशा धरता येत नाही. म्हणून सैनिकांकडून अचूक नेमबाजीचा अविरत सराव करून घ्यावा, असे या दोघांनी बजावले होते. व्यासाची शिफारस दंतकथा झाली. सरावाची कागदावर राहिली.

असे का व्हावे? माझ्या मते याचे उत्तर बंदुकीच्या नळीत सापडत नाही, साम्राज्याच्या मनात सापडते. परक्या भूमीवर जाऊन लढणाऱ्या सैन्याला समोरचा माणूस का थांबत नाही, हे कळेनासे होते. तो आपल्या घरासाठी लढतो आहे, हे मान्य करणे अवघड. तो धर्मवेडा आहे, त्याच्या अंगात काही अमानुष आहे, म्हणून त्याला मोठी गोळी हवी, हे मान्य करणे सोपे. १९०६च्या मार्च महिन्यात बुड दाजो या मृत ज्वालामुखीच्या मुखात आश्रय घेतलेल्या शेकडो मोरोंना, बायकामुलांसह, अमेरिकी सैन्याने ठार केले. त्या वर्षी .४५चे नवे पिस्तूल अजून चाचण्यांतच होते. जुन्या शस्त्रांनीही माणसे मरत होती, हे निराळे सांगायला नको.

हाच विचार आपल्या भूमीवर त्याआधीच रुजला होता. १८९५च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिशांनी तक्रार केली की .३०३ रायफलीची गोळी सरहद्दीवरच्या पठाणांना थांबवत नाही. त्यातून कलकत्त्याजवळच्या डमडम कारखान्यात टोक उघडे ठेवलेली, शरीरात शिरताच पसरणारी गोळी तयार झाली. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डाघ यांनी युक्तिवाद केला की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की थांबतो, ‘रानटी’ माणूस थांबत नाही. ब्रिटनने तो ठराव स्वीकारला तो १९०७मध्ये. याच सुमारास वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी पोकळ तोंडाची .४५५ गोळी निघाली होती. तिचे नावच ‘मॅनस्टॉपर’. शिकागोच्या चाचण्यांत तीही होती.

आता माझी निवड: ब्रिटिशांचेच .३८, तेरा ग्रॅमच्या जड, संथ गोळीचे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सैन्याने थोरल्या .४५५कडे पाहिले आणि एक प्रांजळ गोष्ट कबूल केली. घाईघाईने भरती झालेल्या सामान्य माणसाला ते अवजड रिव्हॉल्व्हर पेलत नाही, धक्क्याने हात उडतो, नेम चुकतो. म्हणून हलके शस्त्र घ्यावे, जे थोड्या शिक्षणात आत्मसात होईल. १९३२मध्ये एनफिल्ड क्रमांक २ हे रिव्हॉल्व्हर स्वीकारले गेले. पुढे मऊ शिशाची गोळी हेगच्या ठरावात बसते का, अशी शंका आली, तेव्हा धातूचे आवरण असलेली, थोडी हलकी गोळी आणली गेली. हे कॅलिबर ताकदवान नव्हते, त्याची टिंगलही पुष्कळ झाली. पण ही निवड करताना शत्रूच्या कातडीऐवजी स्वतःच्या सैनिकाच्या हाताचा विचार झाला होता. (साम्राज्य तेच होते, हे मी विसरलेलो नाही.)

.४५वर अन्याय नको. १९११चे कोल्ट पिस्तूल ही जॉन ब्राउनिंगची असामान्य निर्मिती, आणि ती अमेरिकी सैन्यात १९८५पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून टिकली. मात्र तिची कीर्ती यंत्ररचनेची आहे. गोळीच्या व्यासाने ती उसनी घेतली. १९८५मध्ये त्याच सैन्याने ९ मिलिमीटर स्वीकारले. ब्राउनिंगने अखेरच्या वर्षांत आरंभलेले आणि त्याच्या निधनानंतर द्युदोने सेव्ह याने पूर्ण केलेले हाय-पॉवर पिस्तूलही ९ मिलिमीटरचेच. भारतीय सैन्यासाठी ते इशापूरच्या रायफल कारखान्यात बनू लागले. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मात्र ९ मिलिमीटर निषिद्ध आहे, सरकारी कारखान्याचे.३२ रिव्हॉल्व्हर त्याच्या वाट्याला येते. सैन्याचे काडतूस नागरिकाच्या हाती पडू नये, ही काळजी इंग्रजी अमदानीपासूनची. पण तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे.

तुमचे आवडते कॅलिबर कोणते, ते खाली जरूर लिहा. .४५ लिहिणाऱ्यांनी मात्र कास्पीची तारीख पुन्हा एकदा पाहून मगच लिहावे.